मंडईचे पंचांग : राजपत्रातल्या सुट्ट्या आणि पेठेतले सण

कोणत्याही बहुधर्मीय शहरात दोन दिनदर्शिका एकाच वेळी चालू असतात. पहिली शासनाची असते. तिच्यातल्या तारखा राजपत्रात छापल्या जातात आणि त्या दिवशी कचेऱ्या, बँका व शाळा बंद राहतात. दुसरी लोकांची असते. ती पंचांगावर, चंद्रदर्शनावर, हंगामावर आणि पेठेच्या जुन्या वहिवाटीवर चालते, आणि तिच्यातल्या मोठ्या दिवशी काम थांबत तर नाहीच, उलट बाजारपेठेची झोप उडते. या दोन दिनदर्शिका कुठे जुळतात, कुठे एकमेकींना छेद देतात आणि त्यांतून शेजारी राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांचे संबंध कसे घडतात, हे पाहण्यासाठी पुण्याच्या शुक्रवार पेठेतली महात्मा फुले मंडई आणि तिच्या भोवतालचा परिसर फार सोयीचा आहे. मंडईपासून पायी सहज जाता येईल एवढ्या अंतरात तुळशीबागेतले राममंदिर, जिलब्या मारुती, तांबडी जोगेश्वरी आणि बुधवार पेठेतले दत्तमंदिर आहे; रविवार पेठेतली बोहरी आळी आणि तिथल्या दाऊदी बोहरा व्यापाऱ्यांची दुकाने आहेत; गुरुवार पेठेत गोडीजी पार्श्वनाथाचे जैन मंदिर आहे आणि त्याच पेठेत पंचहौद मिशनचे, घंटांच्या उंच मनोऱ्याने ओळखले जाणारे पवित्र नाम देवालयही आहे. या सर्वांचे सण वेगवेगळे असले तरी त्या सणांचे सामान बहुतांशी याच भागातून जाते.

एक इमारत, दोन पुतळ्यांचा वाद

मंडईची इमारत होण्यापूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरत असे. पुणे नगरपालिकेने बांधलेली, मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती आठ दिशांना पसरलेली दालने अशा रचनेची नवी इमारत १८८६ साली खुली झाली आणि तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हटले जाऊ लागले. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या इमारतीवरील मोठ्या खर्चाला विरोध केला होता. सामान्य लोकांच्या शिक्षणाची आबाळ होत असताना असा खर्च करणे त्यांना मान्य नव्हते. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुले यांचे नाव देण्यात आले. मंडईसमोर १९२४ पासून लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा असून त्याचे अनावरण पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झाले होते. त्या पाठोपाठ केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत फुले यांच्या पुतळ्याची मागणी लावून धरली आणि पुण्यातला ब्राह्मणेतर चळवळीचा संघर्ष तीव्र झाला.

हा तपशील सणांच्या चर्चेत अवांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु मंडईच्या परिसरातील प्रत्येक सार्वजनिक उत्सवाला अशी दुहेरी पार्श्वभूमी आहे. ज्या फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून धर्मविधी करण्याचा आग्रह धरला, त्यांच्या नावाच्या मंडईपासून आणि टिळकांच्या पुतळ्याला हार घालून महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध विसर्जन मिरवणूक निघते. जवळच्या चौकाला आणि गणेश मंडळाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण गमावलेल्या या गिरणी कामगाराची स्मृती इथे कोणत्याही राष्ट्रीय सुट्टीपेक्षा गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत जास्त लोकांच्या तोंडी येते. राष्ट्रीय आठवण आणि पेठेचा सण यांची अशी सरमिसळ हे या भागाचे वैशिष्ट्य आहे.

सुट्टी कोण ठरवते?

भारतात २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे तीन दिवस राष्ट्रीय सुट्टीचे आहेत आणि ते सर्व राज्यांत पाळले जातात. बाकीच्या सार्वजनिक सुट्ट्यांचा कायदेशीर आधार मात्र धार्मिक किंवा सांस्कृतिक नसून निव्वळ व्यापारी आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ हा हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांच्या व्यवहारांविषयीचा कायदा. त्याच्या कलम २५ नुसार एखाद्या हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर ती आदल्या कामकाजाच्या दिवशी देय झाली असे समजले जाते. तेव्हा पैसे नेमके कोणत्या दिवशी द्यायचे हे निश्चित करण्यासाठी सार्वजनिक सुट्टी म्हणजे कोणता दिवस हे सरकारला जाहीर करावे लागते. केंद्राने हा अधिकार राज्यांकडे सोपवला असल्यामुळे महाराष्ट्र शासन दरवर्षी अशी यादी प्रसिद्ध करते आणि तिच्यात साधारण २४ दिवस असतात.

ही यादी वाचली तर राज्याच्या बहुधर्मीयतेचा आराखडाच समोर येतो. महाशिवरात्र, गुढीपाडवा, रामनवमी, गणेश चतुर्थी, दसरा आणि दिवाळी यांच्या बरोबरीने तिच्यात महावीर जयंती, बुद्धपौर्णिमा, गुड फ्रायडे, नाताळ, रमजान ईद, बकरी ईद, मोहरम, ईद-ए-मिलाद, गुरुनानक जयंती आणि पारशी नववर्ष हे दिवस आहेत; शिवाय १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती आणि १ मे हा महाराष्ट्र दिन आहे. पारशी समाज संख्येने अगदी छोटा असूनही त्याच्या नववर्षाला स्थान देणारी ही यादी उदार म्हणावी लागेल. परंतु मंडईच्या नजरेने पाहता तिच्यात एक मोठी जागा रिकामी दिसते. ज्या दिवशी पुण्याच्या मध्यवस्तीतले रस्ते वाहनांना बंद होतात, लक्ष्मी रस्ता चोवीस तासांहून अधिक काळ मिरवणुकीच्या ताब्यात असतो आणि शहराचा नेहमीचा व्यवहार ठप्प होतो, ती अनंत चतुर्दशी राज्याच्या मुख्य यादीत नसते. अशा दिवसासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातली ‘स्थानिक सुट्टी’ हा वेगळा मार्ग असतो. संपूर्ण राज्याला लागू न करता एखाद्या जिल्ह्यापुरता किंवा शहरापुरता दिवस मोकळा ठेवणे असा तिचा अर्थ. म्हणजेच यादीतले स्थान आणि लोकजीवनातले स्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

एकाच पेठेत अनेक कालगणना

सणांच्या तारखा दरवर्षी का सरकतात आणि त्यांची गाठ एकमेकांशी कधी पडते, हे समजण्यासाठी या परिसरात प्रत्यक्ष वापरात असलेल्या कालगणना पाहाव्या लागतात. राष्ट्रीय सुट्ट्या इंग्रजी तारखेने ठरतात आणि त्या जागच्या हलत नाहीत. हिंदू पंचांग चांद्र-सौर आहे; त्यातले महिने चंद्राच्या कलांवर मोजले जातात, पण बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे होऊन सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी पडत असल्यामुळे साधारण ३२ ते ३३ महिन्यांनी एक अधिक मास घालून ही तूट भरून काढली जाते. त्यामुळे दिवाळी कधी ऑक्टोबरमध्ये तर कधी नोव्हेंबरमध्ये येते, परंतु ती उन्हाळ्यात कधीच जात नाही. मकरसंक्रांत ही मात्र सूर्याच्या राशिप्रवेशावर ठरत असल्याने जानेवारीच्या १४ किंवा १५ तारखेलाच येते.

हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असते आणि त्यात अधिक मास नसतो. ते दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंमधून एक फेरी पूर्ण करते. बोहरा समाज चंद्रदर्शनाची वाट न पाहता गणिताने आधीच मांडून ठेवलेली मिस्री दिनदर्शिका वापरतो, म्हणून बोहरी आळीतली ईद बहुधा इतर मुसलमानांच्या ईदेपेक्षा एक-दोन दिवस आधी होते. पारशांच्या शहेनशाही कालगणनेत वर्ष नेमके ३६५ दिवसांचे असते आणि लीप वर्ष धरले जात नाही. परिणामी त्यांचे नववर्ष दर चार वर्षांनी एका दिवसाने अलीकडे येते, आणि २०२५ मध्ये ते थेट १५ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यदिनीच आले.

या गणिताचा सर्वांत लक्षणीय परिणाम अलीकडेच महाराष्ट्राने अनुभवला. अनंत चतुर्दशी ही भाद्रपद शुद्ध चतुर्दशी असते. ईद-ए-मिलाद रबिउल अव्वल महिन्याच्या १२ तारखेला पाळली जाते, आणि हिजरी महिना अमावास्येनंतर चंद्रकोर दिसल्यावर सुरू होत असल्याने ही बारावी तारीख शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपासच पडते. साहजिकच रबिउल अव्वल आणि भाद्रपद हे महिने ज्या वर्षी एकमेकांवर येतील, त्या वर्षी हे दोन्ही मिरवणुकींचे दिवस जवळजवळ एकत्र येणारच. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे गणेशोत्सव पुढे ढकलला गेला आणि दोन्ही दिवस २८ सप्टेंबरलाच आले. तेव्हा मुस्लिम समाजाच्या संघटनांनी आपली मिरवणूक पुढे नेण्याची तयारी दाखवली आणि राज्य शासनाने २९ सप्टेंबरची सुट्टी जाहीर केली. २०२४ आणि २०२५ मध्येही या दोन दिवसांत एकाच दिवसाचे अंतर होते. त्याआधी, २०१८ ते २०२० या तीन वर्षांत, याच नियमाने मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले होते. पुढचा अधिक मास येईपर्यंत, म्हणजे दोन किंवा तीन वर्षे, ही जुळणी टिकते आणि मग हिजरी महिन्यांची जोडी एका घराने सरकते.

मालावरून वाचायचे वर्ष

मंडईतल्या गाळ्यांवर या सर्व कालगणनांचे रूपांतर मालात होते. वर्षाची सुरुवात पौषातल्या भोगी आणि संक्रांतीपासून धरली, तर ओल्या हरभऱ्याचे घाटे, बोरे, गाजरे, उसाचे करवे, गव्हाच्या लोंब्या आणि पावट्याच्या शेंगा यांचे ढीग लागतात; त्यांच्या शेजारी कुंभारवाड्यातून आलेली मातीची सुगडी असतात, कारण संक्रांतीचे वाण सुगडात भरायचे असते. चैत्रात गुढीसाठी कळकाची काठी बुरूड आळीतून येते आणि कडुलिंबाच्या डहाळ्यांबरोबर साखरेच्या गाठी टांगलेल्या दिसतात. आषाढात शुद्ध नवमीला कांदेनवमी येते; चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी वर्ज्य करणाऱ्या घरांमध्ये त्या दिवशी कांद्याचे पदार्थ मनसोक्त करून घेतले जातात, आणि दोनच दिवसांनी एकादशीसाठी रताळी, शेंगदाणे व भगर यांची मागणी चढते. त्याच सुमारास जैन कुटुंबांचा चातुर्मास सुरू होऊन कंदमुळे आणि पुढे पर्युषणात हिरव्या भाज्याही त्यांच्या पिशवीतून नाहीशा होतात. चातुर्मासात सोडलेले वांगे हिंदू घरांत खऱ्या अर्थाने परत येते ते मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला. खंडोबाच्या नैवेद्याला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा लागतो, त्यामुळे भरताची मोठी वांगी आणि कांद्याची पात यांना त्या दिवशी मान मिळतो.

भाद्रपदाचा पंधरवडा सर्वांत दाटीचा. हरितालिकेच्या आदल्या दिवसापासून शहराभोवतीच्या मावळी गावांतल्या बायका पत्रीच्या मोटल्या घेऊन पदपथावर बसतात. गणपतीच्या पूजेला परंपरेने एकवीस प्रकारची पाने सांगितली आहेत. दूर्वा, शमी, आघाडा, माका, बेल, धोत्रा, रुई, कण्हेर, डोरली, मरवा, जाई, केवडा, डाळिंब, अर्जुन ही त्यांतली काही. यातले प्रत्येक पान शहरी गिऱ्हाइकाला ओळखता येतेच असे नाही, परंतु जुडी बांधणारीला ते अचूक ठाऊक असते. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाने पिकवलेले काही खायचे नाही, असा दंडक असल्याने परसात किंवा वेलीवर आलेल्या भाज्यांची मिसळण लागते. अळू, लाल भोपळा, पडवळ, सुरण, मक्याची कणसे, माठ यांचे वाटे ‘ऋषीची भाजी’ म्हणून एकत्रच विकले जातात. लगेच ज्येष्ठागौरींच्या जेवणाला सोळा भाज्यांचा हिशोब सुरू होतो. आश्विनात घटस्थापनेची परडी व धान्य, मग दसऱ्याला झेंडू आणि आपट्याची पाने, दिवाळीत पणत्या, साळीच्या लाह्या, बत्तासे आणि लक्ष्मी म्हणून पुजायची शिंदीची नवी केरसुणी, आणि तुळशीच्या लग्नाला ऊस, चिंचा व आवळे, असे हे चक्र चालत राहते. आपट्याऐवजी बऱ्याचदा कांचनाची पाने विकली जातात. दोन्ही झाडे एकाच कुळातली आणि दोन्हींच्या पानांना मधोमध खाच असल्याने ती वेगळी काढणे सोपे नसते.

हिंदू सणांचा माल हंगामाशी बांधलेला असतो, कारण अधिक मासामुळे सण आपापल्या ऋतूतच राहतात. रमजानचे तसे नाही. तो सर्व हंगामांतून फिरत असल्याने इफ्तारच्या ताटातले खजूर कायम राहतात, पण फळे बदलतात. २०१८ मध्ये रमजान मे महिन्याच्या मध्यावर सुरू झाला तेव्हा आंबा बाजारात होता, तर २०२५ मध्ये तो मार्चमध्ये आल्याने कलिंगड आणि खरबूज यांचा हंगाम त्याला मिळाला. आणखी काही वर्षांनी तो हिवाळ्यात जाईल आणि तेव्हा संत्री व पेरू पुढे येतील. फळबाजारातल्या जुन्या माणसाला हा फेरा पाठ असतो, कारण त्याच्या आयुष्यात तो एकदा तरी पूर्ण झालेला असतो.

या देवघेवीतली खरी गोष्ट अशी, की विकणारा आणि सण साजरा करणारा हे अनेकदा वेगळ्या समाजाचे असतात. फळांचा व्यापार महाराष्ट्रात परंपरेने बागवानांकडे आहे आणि बागवान बहुतांशी मुसलमान आहेत. विड्याची पाने तांबोळ्याकडून घ्यायची, अत्तर व धूप अत्ताराकडून, केरसुणी बांधण्याचे काम मातंग समाजाकडे, टोपल्या व सुपे बुरुडाकडे, सुगडी-पणत्या कुंभाराकडे, अशी ही जुनी वाटणी आहे. तिच्यात जातिव्यवस्थेची उतरंड आहे आणि ती झाकून केवळ सलोख्याचे गोडवे गाणे योग्य नाही. पूजेत केरसुणीला लक्ष्मीचा मान मिळाला, तरी ती बांधणाऱ्याला वाड्यात शिरायला बंदी होती. तरीही या वाटणीमुळे एक गोष्ट नक्की साध्य झाली. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या व्रताला पाच फळे लागतात हे बागवानाला आणि रमजान कधी लागणार हे शेजारच्या गाळ्यावरच्या माळ्याला आधीपासून माहीत असते, कारण ते माहीत नसेल तर माल कमी पडतो किंवा सडतो. इथे दुसऱ्याच्या धर्माचे ज्ञान हा सद्भावनेचा विषय होण्यापूर्वी धंद्याची गरज असते.

ताबूत, मेळे आणि मिरवणूक

बाजारातला शेजार रस्त्यावरच्या मिरवणुकीत नेहमीच टिकतो असे मात्र इतिहास सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात मोहरम हा पुण्यातला आणि एकूणच महाराष्ट्रातला मोठा सर्वसमावेशक सार्वजनिक सोहळा होता. हिंदू घरांतले लोक नवस बोलून फकीर होत, पंजांपुढे ऊद जाळत आणि ताबुतांबरोबर चालत. बांबू व रंगीत कागद यांनी केलेली इमाम हुसेन यांच्या समाधीची प्रतिकृती म्हणजे ताबूत. ती मिरवणुकीने नदीवर नेऊन थंड केली जाई. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली आणि त्यानंतर वातावरण बदलले. पुण्यात त्याआधीच भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ मध्ये गणपती सार्वजनिक रूपात बसवला होता. टिळकांनी १८९३-९४ पासून ‘केसरी’तून या उत्सवाचा जोरदार पुरस्कार केला, हिंदूंनी ताबुतांत सामील होऊ नये असा प्रचार झाला, आणि नव्या उत्सवातील एकसारख्या पोशाखातले गाणारे मेळे, रस्त्यावरचे मखर आणि शेवटची पाण्यापर्यंतची मिरवणूक यांमध्ये मोहरमच्या रचनेची छाप अभ्यासकांना दिसली आहे. १८९४ मध्ये दारूवाला पुलाजवळ मिरवणूक आणि मशीद यांवरून दंगलही झाली. पुढे १९२० च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांच्या छत्रपती मेळ्याने त्याच उत्सवाच्या मांडवातून ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध आवाज उठवला. म्हणजे एकाच उत्सवाने कधी समाज जोडला, कधी तोडला, तर कधी समाजांतर्गत भांडणालाही व्यासपीठ दिले.

या इतिहासाची दुसरी बाजूही मंडईच्या आसपासच आहे. पुण्यातल्या पाच मानाच्या गणपतींपैकी तिसरा, लक्ष्मी रस्त्यावरील गुरुजी तालीम मंडळाचा गणपती, १८८७ पासूनचा मानला जातो. तो एका तालमीत हिंदू आणि मुसलमान मंडळींनी मिळून सुरू केला, ही त्या मंडळाची अभिमानाची परंपरा आहे. मानाचा चौथा गणपती तुळशीबागेचा. १८९४ पासून असलेले अखिल मंडई मंडळ मानाच्या पाचांत नसले तरी त्याचा शारदा-गजानन पुण्याच्या सर्वांत लोकप्रिय मूर्तींपैकी एक आहे. इथे गणपतीसोबत शारदा बसलेली असते. दगडूशेठ हलवाई यांच्या नावाचा प्रसिद्ध गणपती हा मूळच्या कर्नाटकाकडील लिंगायत मिठाईवाल्याच्या घराण्याशी जोडलेला आहे. शहरात स्थायिक झालेल्या बाहेरगावच्या व्यापाऱ्याने पेठेच्या सणाला आपले नाव द्यावे आणि पेठेने ते आपले मानावे, ही बहुसांस्कृतिक शहराची जुनी रीत आहे. त्याच रीतीने पंचहौद परिसरातल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळाला करंज्या होतात. शासनाने २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव ‘महाराष्ट्र राज्य महोत्सव’ म्हणून जाहीर केला. पेठेत जन्मलेल्या सार्वजनिक उत्सवाला अशा रीतीने सव्वाशेहून अधिक वर्षांनी शासनाची औपचारिक मान्यता मिळाली.

समुद्रापलीकडचा ताबूत

एकोणिसाव्या शतकातच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर, मोहरमच्या मिश्र मिरवणुकीचा असाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत होता. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज भारतातल्या करारबद्ध मजुरांना घेऊन तिथे पोहोचले आणि पुढच्या काही दशकांत उसाच्या मळ्यांवर हिंदू, मुसलमान व आफ्रिकी वंशाचे लोक शेजारी शेजारी राहू लागले. तिथे मोहरमला ‘होसे’ म्हणतात. ताशांच्या गजरात निघणाऱ्या ताबुतांच्या या मिरवणुकीत हिंदू मजूर आणि कृष्णवर्णीय वादकही सामील होत आणि शेवटी ताबूत समुद्रात सोडले जात. वसाहतीच्या सरकारने मिरवणुकांना शहरात येण्यास बंदी घातल्यानंतर ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडो येथे पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि अनेक मजूर मारले गेले. पुण्यात मोहरममधून हिंदू बाजूला झाले ते आपसांतल्या राजकारणामुळे; त्रिनिदादमध्ये सरकारच्या दडपशाहीनंतरही तो सोहळा मिश्र राहिला आणि सेंट जेम्स भागात आजही होतो.

त्रिनिदादच्या सुट्ट्यांची यादीही बोलकी आहे. तिथे दिवाळी आणि ईद-उल-फित्र यांना १९६६ पासून सार्वजनिक सुट्टी आहे. ३० मे हा भारतीय आगमन दिन आणि १ ऑगस्ट हा गुलामगिरीतून मुक्तीचा दिन पाळला जातो. म्हणजे प्रत्येक समाजाच्या इतिहासाला एकेक दिवस वाटून दिला आहे. परंतु ज्या कार्निव्हलसाठी ते बेट जगभर ओळखले जाते, त्याचे सोमवार व मंगळवार कायद्याने सुट्टीचे नाहीत, आणि होसेही यादीत नाही. तरी त्या दोन दिवसांत तिथला व्यवहार बंद असतो. अनंत चतुर्दशीचे पुण्यात जे स्थान आहे, तेच हे. महाराष्ट्रात अशी मिश्र परंपरा पूर्णपणे गेली असेही नाही; सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडी गावात १९८० पासून गणपती मशिदीत बसवला जातो, आणि सातारा-सांगली-कोल्हापूरकडे पंजांच्या सवारीत हिंदू घराण्यांचे मान आजही चालतात.

बदलता बाजार

पुण्याचा घाऊक भाजी, फळ व फुलबाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेल्यापासून मंडई हा मुख्यतः किरकोळ बाजार उरला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले, त्यामुळे उपनगरांतून सणाच्या खरेदीला येणे सोपे झाले; दुसरीकडे पत्रीची पुडी, ऋषीची भाजी आणि संक्रांतीचे वाण मोबाइलवरून घरपोच मिळू लागले आहे. सोय दोन्हींत आहे, पण त्यांचा सामाजिक परिणाम एकसारखा नाही. बंद पुडीतून आलेल्या पत्रीने पूजा यथासांग होते. ती कोणत्या डोंगरातून कोणी आणली आणि शेजारच्या गाळ्यावर त्याच आठवड्यात खजुराच्या पेट्या का रचल्या आहेत, हे मात्र गिऱ्हाइकाच्या नजरेस पडत नाही.

सुट्ट्यांच्या यादीने प्रत्येक धर्माला एक-दोन दिवस देऊन समानतेचे कागदोपत्री काम केले आहे आणि ते मोलाचे आहे. परंतु दोन मिरवणुका एकाच रस्त्यावर येतात तेव्हा कोणी एक दिवस थांबावे, कोणी कोणता वळसा घ्यावा, हे राजपत्र ठरवू शकत नाही. त्याला दुसऱ्याची तिथी आणि त्या तिथीचे मोल जाणणारी माणसे लागतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुट्टीची अधिसूचना निघाली ती अशा माणसांच्या समजुतीनंतर, आधी नव्हे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येत असल्याने ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी यांची गाठ सुटते. गणितानुसार ती पुन्हा पडेल साधारण तीस-बत्तीस वर्षांनी. तोपर्यंत मंडईतल्या गाळेधारकांची पुढची पिढी एकमेकांचे पंचांग पाठ ठेवील की नाही, यावरच त्या वर्षीची अनंत चतुर्दशी कशी जाईल हे बरेचसे अवलंबून राहील.